वळवलेले बूट

जपानमधल्या त्सुकुबाजवळचं ते नाटकघर व्हिक्टोरिया राणीच्या काळचं, इंग्रजी थाटाचं. २०११च्या भूकंपानंतर कायमचं बंद पडलेलं. त्याचा इतिहास लिहायला धीरज रोज दुपारी जाई. दारात बूट काढून एकटाच आत शिरे. परतताना बुटांची तोंडं बाहेर वळवलेली असत, तिथल्या रीतीप्रमाणे निघालेल्या पाहुण्याच्या बुटांची वळवतात तशी.

“मी हातसुद्धा लावत नाही,” म्हातारे राखणदार मोरिता-सान शपथेवर सांगत. कुठेतरी पाणी मुरतंय, हे धीरजने ताडलं.

आज त्याने बूट पिशवीत घातले आणि पिशवी खांद्याला अडकवूनच काम केलं.

तो दाराशी आला तेव्हा मोरिता-सान कुलूप घेऊन उभे होते. त्याला पाहताच ते मागे सरले.

“तुम्ही तर मघाशीच गेलात! बूट घालून, मला वाकून नमस्कार करून.”

धीरजने खांद्यावरची पिशवी चाचपली. आत काहीच नव्हतं.