विसावं नाव

गिरणीचा पट्टा थांबेपर्यंत घोलप सर प्रवेशअर्ज हातात धरून दारातच उभे राहिले. कॉलेजात त्यांच्या इतिहासाच्या वर्गाला वीस नावं भरली नाहीत, तर अनुदान बंद होऊन विभागाला कुलूप लागणार होतं. एकोणीस झाली होती. सकाळपासून पाच घरांनी त्यांना एकच विचारलं होतं, "ते शिकून नोकरी लागते का?"

गिरणीवाल्या बाई पिठाचे हात पदराला पुसत पुढे आल्या. त्यांची आश्लेषा यंदाच बारावी झाली होती. त्यांनी नोकरीचं काही विचारलं नाही. अर्ज घेतला, एकेक ओळ बोटाखाली धरून वाचला आणि लेकीला पेन आणायला सांगितलं.

"मला दहावीनंतर कुणी बोलवायलाच आलं नाही, सर," त्या म्हणाल्या. "हिला उद्याच एसटीचा पास काढून देते."

बाईंना आणखी खर्चात पाडायला नको, म्हणून सर घाईने बोलून गेले. गेली सहा वर्षं हे वाक्य ते प्रत्येक दारात बोलत आले होते.

"पास कशाला, ताई? रोज यायची काही गरज नाही. नुसतं नाव लावा, हजेरीचं मी बघतो."

बाईंचा पेन सहीच्या जागेवर थांबला. "म्हणजे तुम्ही शिकवत नाही?"

"शिकवायचंय हो. पण वर्गात येतं कोण?"

बाईंनी सही न करताच अर्ज सरांच्या हातात परत ठेवला.

"ही आली असती," त्या म्हणाल्या.