घरची शाळा सुटली

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातून गोदामांचे कंटेनर ट्रक भरधाव जायचे, म्हणून विनिताने लेकीला शाळेत न धाडता ओट्यापाशी बसवून शिकवलं. मनस्वी हुशार निघाली, पण आईवाचून तिचं पान हलेना. दिवाळीनंतर डॉक्टरांनी विनिताला कॅन्सर पसरल्याचं सांगितलं. आपल्यामागे पोर एकटी पडू नये म्हणून तिने आजाराचं काही न सांगता मनस्वीचं नाव भिवंडीच्या शाळेत घातलं. फाटकापाशी मनस्वीने विचारलं, “आई, माझं काय चुकलं?” “माझ्याने आता शिकवणं होत न्हाय गं.” “म्हणजे मी नकोशी झाले,” म्हणत ती हात सोडवून आत गेली. आठवडाभर आईशी बोलली नाही. शनिवारी मात्र एका मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून हसत बाहेर आली आणि वाट बघणाऱ्या आईसमोरून तशीच निघून गेली. आपल्याला हेच हवं होतं, हे मनाला बजावत विनिता तिच्या मागून चालू लागली.