झाडाच्या सावलीतली शर्यत

समजा, तुम्ही एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत उभे आहात. समोर कॉम्प्युटरचा मोठा पडदा आहे. पडद्यावर एक फोटो: मागे उन्हाने पांढरंफटक झालेलं मैदान, पुढे झाडाची दाट सावली, आणि त्या सावलीत चार पायांचं काहीतरी काळं धावतंय. दिसलं? आता त्याच्यासमोरची लाल फीत शोधा. सापडत नाही ना? सगळे जिला मुंगी म्हणतात, त्या शाळकरी पोरीलाही सापडत नव्हती.

"मावशी, हा प्राणी नाहीये गं! ही मी आणि ही माझ्या वर्गातली काडी," मुंगी धापा टाकत म्हणाली. बाबांचा फोन घेऊन ती शाळेच्या मैदानावरून थेट पळत आली होती. मोज्यांवर धूळ तशीच होती.

स्टुडिओ मावशीचाच. तिला हसू आलं. "दोघी एकदमच पोचलात की काय?"

"नाही. एकीची छाती फितीला आधी लागली. पण पंच पलीकडे उभे होते, आणि बाबांनी फोटो काढला तो नेमका सावलीतला."

"मग पहिला नंबर कुणाला दिला?"

"चुकीच्या मुलीला. म्हणजे, मला तसं वाटतं. सर म्हणाले, पुरावा असेल तर शाळा बंद व्हायच्या आत आण. नंतर निकाल बदलणार नाही."

"आणि मैत्रिणी काय म्हणतात?"

मुंगीचा ओठ थरथरला. "सगळ्यांनी मिळून 'खोटारडी' म्हणून चिडवलं. मैदानभर. कुणी बोलायलाच तयार नाही."

मावशीने खुर्ची पुढे ओढली. "बस इथे. माऊस तूच धर. हा ब्रश उजळतो, हा गडद करतो. काच पुसतेस ना, तसा हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा फिरवायचा."

मुंगीने असा काही ब्रश फिरवला की सगळी सावली राखेसारखी झाली.

"अगं अगं, भिंत रंगवतेस का?" मावशीने ते पुसून टाकलं. "जोर कमी कर. हं, आता."

आधी एक बूट वर आला. मग गुडघा. मग काडीची लांबलचक वेणी, हवेत आडवी झालेली.

"आली! काडी आली!" मुंगी खुर्चीत उभीच राहिली.

"खाली बस, पडशील. आता मागचं ऊन थोडं गडद कर. म्हणजे पुढच्या कडा उठून दिसतील."

"त्या पांढऱ्यातही काही लपलंय का?"

"नाही. जिथे उन्हाने सगळं धुऊन नेलंय, तिथे कितीही ब्रश फिरव, हाती काही लागत नाही. अंधारात मात्र खूप काही शिल्लक असतं. आणि एक लक्षात ठेव. आहे ते वर आणायचं. नाही ते घुसडलं, तर तो फोटो नाही, थाप झाली."

मुंगीने मान डोलावली. जीभ दातांत धरून ती सावली उजळत राहिली. दोन काळी अंगं हळूहळू वेगळी झाली. मग त्यांच्यापुढे लाल रंगाचा एक ठिपका दिसला, ठिपक्याची रेघ झाली.

"फीत!" दोघी एकदमच ओरडल्या.

मावशीची नजर मुरलेली. मुंगीच्या आधी तिलाच दिसलं. फीत काडीच्या छातीवर ताणली गेली होती. मुंगीची छाती तिच्या मागे होती, जेमतेम बोटभर.

"एवढं पुरे," मावशी घाईने म्हणाली. "याहून उजळलं तर फोटो बिघडेल."

तो बिघडणार नव्हता. पण पोरीला आणखी रडवायचं कशाला? सावली थोडी गडद राहिली, तर कुणालाच काही कळलं नसतं.

"नाही मावशी, अजून एकदाच!" मुंगीने ब्रश फिरवला, आणि पडद्याला नाक लावून ती पाहत राहिली. बराच वेळ.

मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं बाळा. वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी..."

"मावशी, छाप! छाप ना लवकर!" मुंगीने अशी उडी मारली की खुर्ची गरकन फिरली.

"अगं, नीट बघितलंस ना? तू मागे आहेस."

"हो ना! चांगली बोटभर मागे!"

मावशीने प्रिंटर सुरू केला.

फोटो पुरता बाहेर येतो न येतो तोच मुंगीने तो ओढून घेतला. दारात पोचल्यावर तिने शर्टाच्या आत हात घातला, गळ्यातलं सोनेरी पदक डोक्यावरून काढलं आणि "काडीला देऊन येते! आता तिला कुणी खोटारडी म्हणणार नाही!" असं ओरडत शाळेकडे धूम ठोकली.