बिनकावळ्यांची जागा

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्याही वाजून संपल्या. पण झाड लावायचा खड्डा काही बाळकाकांना दिसेना.

त्यांनी मान उंचावून चाळीच्या अंगणात पाहिलं. दारापासून दारापर्यंत नुसते पेव्हर ब्लॉक. मातीचं नाव नाही. चाळीतल्या तुळशीसुद्धा तेलाच्या डब्यांत उभ्या होत्या. रस्त्याच्या कडेने चुन्याची पांढरी वर्तुळं काढलेली दिसत होती, पण ती आपल्या सत्काराची सजावट असावी, असं काकांना वाटलं. स्वतःच्या सत्काराच्या दिवशी माणसाला असलं काहीबाही वाटतं.

मुलुंडच्या त्या गल्लीला बाजू दोन. एकीकडे काकांची सोसायटी. तिथे झाडं इतकी, की तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागे. दुसरीकडे चाळ. तिथे औषधालाही झाड नाही. पालिकेकडून यंदा रोपं आली, तेव्हा गल्लीच्या वृक्ष समितीत सोसायटीवाले नेहमीसारखे 'निम्मी तुम्हाला, निम्मी आम्हाला' म्हणाले. तेव्हा अध्यक्ष म्हणून बाळकाका उठले होते.

"जेवून ढेकर दिलेल्याला एक पोळी आणि उपाशी माणसालाही एकच पोळी, ही कसली वाटणी? सगळी रोपं चाळीला!"

टाळ्या पडल्या. चाळीच्या वतीने आलेल्या वनमालाने डोळे पुसले. काकांच्या पत्नी कुंदाकाकू तेवढ्या गालातल्या गालात हसल्या.

त्यांचं हसू उगाच नव्हतं. काकांनी निवृत्तीनंतर पांढरीशुभ्र गाडी घेतली होती आणि सोसायटीतल्या कावळ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर नक्षीकाम केलं होतं. तेव्हापासून गाडी रस्त्यापलीकडे, चाळीसमोर उभी राहू लागली. झाड नाही म्हणून कावळा नाही, आणि कावळा नाही म्हणून काच लख्ख! सोसायटीत आणखी झाडं आली की आणखी कावळे येणार, हे काकांनी केव्हाच हेरलं होतं.

शिवाय काशीरामआबांची खुर्ची होती. वनमालाचे सासरे, जुने गिरणी कामगार. घरातला पत्रा तापला की प्लास्टिकची खुर्ची उचलायचे आणि सोसायटीच्या फाटकाशी शिरीषाखाली येऊन बसायचे. काकांनी तिथे 'बाहेरील व्यक्तींनी बसू नये' अशी पाटी लावून घेतली होती. वॉचमन रोज पाटीकडे बोट दाखवून आबांना हाकलायचा आणि आबा रोज नव्याने यायचे. चाळीला झाडं मिळाली की ही ब्याद आपोआप टळेल, असा काकांचा हिशोब. थोडक्यात, काकांचं औदार्य असं चहूबाजूंनी फायद्याचं होतं.

"खड्डा कुठे आहे गं?" काकांनी वनमालाला हळूच विचारलं.

"खणायचाय अजून. तुमच्या हातची पहिली कुदळ पडू दे ना! फक्त तेवढी गाडी हलवा."

काकांनी वळून पाहिलं. चुन्याची वर्तुळं एकामागून एक थेट त्यांच्या गाडीपर्यंत आली होती. शेवटचं अर्धं बाहेर होतं आणि अर्धं गाडीखाली गेलं होतं.

"इथे? अगं, पण आत कुठेतरी..."

"आत माती कुठाय, काका? ही कडेची पट्टी तेवढी राहिलीय. आणि तीसुद्धा तुमच्यामुळे हां! तुम्ही रोज गाडी लावून राखली नसती, तर टपरीवाल्यांनी कधीच धरली असती."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. काकांनी मदतीसाठी कुंदाकाकूंकडे पाहिलं, तर त्या पदर तोंडाला लावून रोपाचं फार बारकाईने निरीक्षण करत होत्या. एक झाड कमी लावलं तर चालणार नाही का, असं अगदी काकांच्या जिभेवर आलं. तेवढ्यात काशीरामआबा खुर्ची घेऊन पुढे आले. त्यांनी ती चुन्याच्या वर्तुळाशी मांडली आणि गुडघ्याएवढ्या रोपाकडे बघून सुनेला विचारलं, "हेची सावली कदी पडतली गो?"

"पडेल की, आबा. पाच-सात वर्षांत."

"तवसर मी असान तर!" आबा मोठ्याने हसले. उन्हाने त्यांचं टक्कल चकाकत होतं.

बाकीचेही हसले. काकांना मात्र हसू आलं नाही. खांद्यावरच्या शालीने एकाएकी फार उकडू लागलं. आपण या म्हाताऱ्याला रोज सावलीतून उठवतो आणि वर त्याच्याच दारात नारळ घेऊन उभे राहतो, याची त्यांना खरोखरच लाज वाटली. त्यांनी नारळ काकूंकडे दिला, खिशातून किल्ली काढली आणि गाडी हलवली.

गल्लीत दुसरीकडे जागा कुठली असायला? गाडी रस्ता ओलांडून सोसायटीच्या फाटकाशी, शिरीषाखालीच आली. वर लगेच कावकाव सुरू झाली. जुनं गिऱ्हाईक परत आल्याची बातमी पोचली असावी.

काका खाली उतरले, तर आबा खुर्ची घेऊन मागोमाग हजर. ते पाटीसमोर थांबले. त्यांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा पांढऱ्याशुभ्र गाडीकडे आणि एकदा वर फांद्यांकडे. मग खुर्ची टेकवत म्हणाले,

"सायबानू, आपण असा करूया. तुमी माका हाकलू नकात, मी कावळ्यांका हाकलतंय."