हनुवटी

"बोलू नका गोदाक्का, हनुवटी हलते," हेरंबनं पुन्हा दटावलं आणि कॅनव्हासवरच्या भिंतीत आणखी पिवळा घातला.

ग्रीसच्या एका बेटावर चार महिने राहून आल्यापासून एकच चित्र त्याला छळत होतं: उन्हात झगझगणारी पांढरी भिंत आणि तिला टेकून बसलेली बाई. कोल्हापुरातल्या स्टुडिओत बाई मिळाली, ऊन काही मिळेना. समुद्रासाठी त्यानं निळ्याच्या चार ट्यूबा रिकाम्या केल्या आणि भिंतीवर ऊन यावं म्हणून पिवळा ओतला. पण किती खपलं तरी भिंत आपली वरण सांडल्यासारखीच दिसायची.

"उठा. नाही जमत मला!" त्यानं ब्रश भिरकावला.

गोदाक्का कंबर धरून उठल्या आणि चित्रापुढं आल्या. लग्नाआधीपासून त्यांनी लोकांची घरं चुन्यानं रंगवली होती.

"पेंटर, चुन्यात नीळ घातली न्हाईसा व्हय? त्याबिगर पांढरं उठत न्हाई. चिमूटभरच, बरं का."

त्यानं चिडूनच उरलीसुरली निळी ट्यूब पिळली, पांढऱ्यात मिसळली आणि एक हात फिरवला. भिंत लख्ख पेटली. बेटावरचं ऊन थेट डोळ्यांत घुसलं.

आनंद व्हायचा सोडून तो उखडलाच. "तीन महिने समोर बसून मला पिवळा ओतताना बघत होतात. हे ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

गोदाक्का परत जागेवर जाऊन बसल्या. पदर सारखा केला.

"हनुवटी हलती न्हवं!"