इरूच्या वतीने

"नाव काय बाळा तुझं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"इरावती," मी म्हणाले. "घरी इरू म्हणतो," नवऱ्याने भर घातली. "दोन वर्षांची झाली, पण आई-बाबाच्या पुढे शब्द नाही हो," सासूबाईंनी उसासा टाकला. डॉक्टरबाईंनी इरूला चेंडू टेबलाखाली ठेवायला सांगितलं. तिने तो मुकाट्याने ठेवला.

"ऐकू येतंय, समजतंयही सगळं," डॉक्टरबाई हसल्या. "पण बोलायची वेळ येतेच कुठे तिच्यावर? आठवडाभर तिने बोट दाखवलं की काही कळलंच नाही असं करा. मग पुन्हा या, बघू."

संध्याकाळी इरूने फ्रिजकडे बोट दाखवलं. आत श्रीखंड आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी पंख्याकडे बघत बसले, नवरा कॅलेंडरची मागची बाजू वाचू लागला आणि सासूबाईंनी तर पदराचा बोळाच तोंडात कोंबला. इरूने पाय आपटला. मग आम्हाला एकेक करून नीट न्याहाळलं. ही माणसं कामातून गेली, असा तिचा चेहरा झाला. शेवटी सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून ती समजुतीच्या सुरात, स्पष्ट म्हणाली, "आजी, दे."

"बोलली!" "अगं, खरंच बोलली!" "मला म्हणाली, मला!" आम्ही तिघं एकदमच ओरडलो.

त्यानंतरही ती बोलत होती. चांगलं लांबलचक काहीतरी असावं, कारण ओठ बराच वेळ हलताना दिसले. आमच्या गलक्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही.