माना खाली घातलेल्या मेंढ्या

"बघ, कशा माना खाली घालून चरतायत," बाप व्हरांड्यातून म्हणाला आणि त्याने पंखा मुलीकडे वळवला.

मुलगी बाळंतपणासाठी आईबापाकडे आली होती. आठवा महिना लागला होता आणि बापाने घराचं इस्पितळ करून टाकलं होतं. खिडक्यांना ओल्या चादरी, उशाशी पाण्याचा माठ, पंख्याला दिवसभर सुट्टी नाही. तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हा ओरडायचा, "ऊन बाधेल! दोन जिवांची आहेस तू!"

समोरच्या कुरणातल्या मेंढ्याही दोन जिवांच्याच होत्या. त्यांच्यासाठी याच माणसाने काटेरी तार आणली होती. कुरणात झाड एकच. मेंढ्या दिवसभर त्याखाली बसून राहतात आणि पलीकडचं गवत उभ्या उभ्या वाळून जातं, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने झाडालाच कुंपण घातलं. सावली आत, मेंढ्या बाहेर.

"आळशी झाल्या होत्या नुसत्या," तो म्हणाला. "आता बघ, भर दुपारी चरतात."

"आणि ऊन?"

"जनावराला सवय होते."

"परवा एक गाभडली ना?"

"असेल काही तिच्याच पोटात."

आत आईने पातेलं जरा जोरातच आपटलं. तार ठोकली त्या दिवशी ती बोलली होती. तुला काय कळतं, एवढं उत्तर तिला मिळालं होतं.

मुलगी उठली, चपला घातल्या. बाप "अगं, अगं" करेपर्यंत ती फाटक उघडून कुरणात पोचलीसुद्धा.

एकही मेंढी चरत नव्हती. गवत त्यांच्या पायांशी तसंच उभं होतं. प्रत्येकीने शेजारणीच्या पोटाखाली डोकं खुपसलं होतं, कारण कुरणात तेवढीच सावली उरली होती. तोंडं उघडी, जिभा बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कडेच्या एकीला डोकं घालायला कोणाचं पोट मिळालं नव्हतं. ती खाली बसली होती.

जन्म मेंढ्यांत गेलेला माणूस, आणि त्याला म्हणे चरणारी मेंढी कुठली आणि धापा टाकणारी कुठली हे व्हरांड्यातून कळत नव्हतं! कळत होतं की. पंख्यासमोर बसून त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

मुलगी त्या बसलेल्या मेंढीच्या शेजारी टेकली. तशीच, डोक्यावर पदरही न घेता.

बाप छत्री घेऊन धावत आला. येताना टोपीसुद्धा घ्यायचं सुचलं नव्हतं त्याला. त्याने छत्री मुलीवर धरली. मेंढीने मान लांब करून त्या सावलीत नाक घातलं. त्याने ते पायाने बाजूला सारलं.

"ऊठ आधी. वेड लागलंय का तुला? निदान पोटातल्या जिवाचा तरी विचार कर!"

"कोणाच्या पोटातल्या?" मुलगी म्हणाली.

मेंढीचं नाक पुन्हा सावलीत आलं. या वेळी त्याचा पाय हलला नाही.

तेवढ्यात झाडाकडून आवाज आला. आई पक्कड घेऊन पोचली होती आणि कोणालाही न विचारता तार तोडत होती. एक तोडली, दुसरी तोडली, खालची पायाने दाबून धरली. मेंढ्यांना आधी कळलंच नाही. मग एकीने मान वर केली, आणि सगळ्या एकमेकींना ढकलत आत घुसल्या. आईने येऊन मुलीला काखेत हात घालून उठवलं आणि सावलीत नेऊन बुंध्याला टेकवलं.

बसलेल्या मेंढीने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय दुमडले. ती पुन्हा खाली बसली.

"बघत काय राहिलात?" आई तिकडून ओरडली. "धरा छत्री तिच्यावर! हलू नका तिथून. मी पाणी आणते."

त्याने छत्री मेंढीवर धरली. छत्री लहान होती. मेंढीचं पोट झाकायचं तर त्याचं डोकं उघडं पडत होतं. घाम डोळ्यांत उतरू लागला. मेंढीच्या कुशीत काहीतरी आतून हललं, त्याने ते पाहिलं आणि छत्री आणखी खाली घेतली.

जरा वेळाने त्याने झाडाकडे पाहिलं.

"काय भाजतंय गं हे ऊन!" तो म्हणाला.

मुलीने पोटावरचा हात काढला नाही.

"होईल सवय, बाबा."